गप्प केलेला इशारा

वर्षअखेरीस वह्या बंद करण्याच्या रात्री पेढीवर हटकून घडणारा एक प्रसंग आहे. तेरीज लागत नाही. नावे आणि जमा यांच्यात ३६० रुपयांचा फरक राहतो. बेरजा दोनदा तपासून होतात, चहाची तिसरी फेरी संपते, आणि अखेर कोणीतरी कंटाळून म्हणतो, ‘‘सध्या सस्पेन्स खात्याला टाका, सवडीने पाहू.’’ तेरीज जुळते, दिवे मालवले जातात. तो फरक म्हणजे ३६,००० रुपयांची एक चूक आणि ३५,६४० रुपयांची दुसरी उलट चूक यांची वजाबाकी असू शकेल, हे त्या घटकेला कोणालाच सुचत नाही.

संगणकाच्या अंतरंगातही ‘काहीतरी जुळत नाही’ असे सांगणारे इशारे असतात. ते कसे वाचले जातात, आणि अशाच एका इशाऱ्याला नीट न समजता गप्प केल्यामुळे काय अनर्थ ओढवला, ही हकिगत व्यापारी घरांना परकी वाटण्याचे कारण नाही.

दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स नावाचा एक गाभा असतो. त्याला इंग्रजीवरून कर्नेल म्हणतात. लष्करातील कर्नलशी त्याचे नाते नाही, फळाच्या बीजातील गराला तो शब्द वापरतात. फोनमधील किंवा संगणकातील प्रत्येक प्रोग्रामला स्मृतीतील जागा हवी असते, साठवणीतील माहिती हवी असते, जाळ्यावर निरोप धाडायचा असतो. हे सारे तो स्वतः घेऊ शकत नाही, गाभ्याकडे मागावे लागते. पेढीवर तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला असते त्या मुनीमाचे जे स्थान, तेच येथे गाभ्याचे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो लिहावयास घेतला. आज जगभरातील हजारो प्रोग्रामर त्यात भर घालतात, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी दहा हजारांहून अधिक बदलांसह त्याची नवी आवृत्ती निघते.

इतक्या हातांनी लिहिलेल्या या वहीत चुका राहणारच. म्हणून लिहिणारे जागोजागी पहारे बसवून ठेवतात: ‘येथे ही संख्या शून्याखाली जाता कामा नये, गेली तर बोंब मारावी.’ हे पहारे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार गैर दिसताक्षणी यंत्राचे काम जागच्या जागी थांबवतो. दुसरा इशारा नोंदवतो आणि काम पुढे चालू देतो. टोरवाल्ड्स यांचा कल नेहमीच दुसऱ्या प्रकाराकडे राहिला आहे, आणि पहिला सढळ हाताने वापरणाऱ्यांना त्यांनी अनेकदा कडक शब्दांत सुनावले आहे. त्यांचे कारण व्यवहारी आहे. यंत्रच बंद पडले तर वापरणाऱ्याचे काम बुडते आणि बहुधा पुरावाही त्याबरोबर नाहीसा होतो.

इशारा निघाला की गाभ्याच्या रोजनाम्यात एक मजकूर उमटतो. आरंभी तुटक रेघांमध्ये ‘येथे कापा’ अशा अर्थाचे शब्द असतात, म्हणजे तक्रार पाठवणाऱ्याने मजकूर कोठून उतरवावा हे कळावे. मग कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या क्रमांकाचे काम चालू असताना, कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर पहारेकरी ओरडला, त्याची नोंद. त्याखाली एक उतरंड असते: या कार्याला कोणी बोलावले, त्याला कोणी, आणि त्यालाही कोणी. ताजे नाव सर्वांत वर, मूळ बोलावणारा तळाशी. खतावणीवरून रोजकीर्दीकडे आणि रोजकीर्दीवरून व्हाउचरकडे उलट चालत जाणाऱ्या माणसाला ही वाट ओळखीची वाटेल. मजकुरात आणखी एक खूण असते, ती ‘डागाळलेला’ या अर्थाची. ज्याची मूळ संहिता उघड नाही असा बाहेरचा भाग कोणी गाभ्याला जोडला असेल, तर गाभा स्वतःवर तो डाग नोंदवून ठेवतो. पूर्वी एखादा इशारा निघून गेलेला असेल, तर त्याचाही डाग राहतो. असा डाग दिसला की तपास करणारे सावध होतात. साक्षीदार पूर्वी कोणाच्या संगतीत होता, हे आधी पाहिले जाते.

नवशिक्याची ठरलेली चूक अशी की ज्या ओळीवर इशारा निघाला तीच ओळ तो दुरुस्त करू पाहतो. प्रत्यक्षात ती ओळ बहुधा निर्दोष असते. तिच्या हाती चुकीची वस्तू आली एवढेच. ती कोणी दिली, हा खरा प्रश्न असतो. आणि तो सोडवताना ‘काल चालत होते, आज का चालत नाही’ ही तक्रारसुद्धा उपयोगी पडते. चालणारी जुनी आवृत्ती आणि न चालणारी नवी यांच्यामध्ये दहा हजार बदल असतील, तर बरोबर मधला निवडून तेथवरचा गाभा चालवून पाहतात. दोष दिसला तर तो आधीच्या निम्म्यात, न दिसला तर नंतरच्या. दर खेपेस निम्मे गळत गेल्याने चौदा खेपांत दहा हजारांतील तो एक बदल हाती लागतो. हे काम ‘गिट’ या साधनाने होते, आणि तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली तयार केले.

काही इशारे याहून विलक्षण असतात. जे घडलेलेच नाही त्याविषयी ते बोलतात. अशी कल्पना करावी की एका शाखेत दोन कारकून आहेत. पहिला आधी खतावणी हाती घेतो, मग रोकड वही. दुसरा आधी रोकड वही घेतो, मग खतावणी. वर्षानुवर्षे काम सुरळीत चालते. एखाद्या दिवशी मात्र दोघे एकाच क्षणी उठतात. पहिल्याच्या हाती खतावणी, दुसऱ्याच्या हाती रोकड वही, आणि दोघेही समोरच्याची वही सुटण्याची वाट पाहत उभे राहतात. दोघेही नियमाप्रमाणे वागत असल्याने हातातील वही खाली कोणीच ठेवत नाही, आणि शाखेचे काम ठप्प होते. संगणकाच्या गाभ्यात अशा ‘वह्या’ म्हणजे कुलपे हजारो असतात. हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी २००६ साली लिनक्समध्ये एक तपासनीस बसवला. कोणते कुलूप कोणत्या क्रमाने घेतले गेले हे तो लक्षात ठेवतो, आणि कधीकाळी उलटा क्रम दिसला की लगेच सांगतो, ‘या दोन वाटा एक दिवस एकमेकींना अडवतील.’ तोवर कोणीच अडकलेले नसते. त्यामुळे ‘माझे यंत्र तर व्यवस्थित चालले आहे, हा तपासनीसच खोटा’ हा पहिला उद्गार ठरलेला असतो.

क्वचित तो खराही असतो. दोन कुलपे एकाच जातीची दिसतात, पण त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ क्रम आधीच ठरलेला असतो, आणि ते तपासनिसाला ठाऊक नसते. अशा वेळी त्याला तसे समजावून सांगणारी खूण संहितेत लिहिण्याची सोय आहे. ही सोय सिद्धतेनंतर वापरायची असते. कंटाळ्यापोटी वापरली, तर ती सस्पेन्स खात्यासारखी वागते.

इशाऱ्यांच्या बाबतीत दुसरीही एक अडचण आहे, आणि ती तपासणीची कामे केलेल्यांना चांगली ठाऊक असते. शेऱ्यांची संख्या वाढली की शेरे वाचलेच जात नाहीत. शंभर जुने, निरुपद्रवी शेरे दरवर्षी तसेच पुढे ओढले जात असतील, तर एकशेएकावा गंभीर शेरा त्यांतच मिसळून जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरवाल्ड्स यांनी यावर जालीम उपाय करून पाहिला. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने एकही इशारा दिला, तर तो दोषच मानावा आणि गाभा तयारच होऊ नये, असा नियम त्यांनी सर्वांना लावला. तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर गाभा घडवणाऱ्यांची कामे अडली, तक्रारींचा पाऊस पडला, आणि काही दिवसांतच तो नियम मुख्यतः चाचणीसाठी केल्या जाणाऱ्या बांधणीपुरता मर्यादित करावा लागला. ओरड होण्याइतके इशारे साचले होते, एवढे तरी त्यातून उघड झाले.

आता त्या अनर्थाकडे वळावयाचे. तो गाभ्यात घडला नाही, गाभ्याच्या दारात घडला.

जाळ्यावरून गुप्तपणे बोलायचे तर दोन्ही टोकांना किल्ल्या लागतात. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. २,०४८ बिटांच्या प्रचलित किल्लीतील संख्या ६१७ अंकी भरते. ती सुरक्षित राहते याचे कारण ती कोणाला अंदाजाने सांगता येत नाही. पण यंत्र तर सांगितल्याप्रमाणे वागणारे. अंदाजाबाहेरचे काही ते आणणार कोठून? ते काम गाभा करतो. कळफलकावर बोट नेमके कोणत्या क्षणी पडले, जाळ्यावरचा निरोप कोणत्या सूक्ष्म क्षणी आला, असा बेभरवशाचा ऐवज तो गोळा करतो आणि मागेल त्या प्रोग्रामला देतो. किल्ल्या घडवणारे ‘ओपनएसएसएल’ नावाचे प्रसिद्ध संहितासंग्रह हा ऐवज गाभ्याकडून घेऊन आपल्या रांजणात घुसळत असे आणि त्यातून किल्ली काढीत असे.

लिनक्सच्या गाभ्याभोवती सर्व उपयुक्त प्रोग्राम रचून एक संपूर्ण संच देण्याचे काम काही संस्था करतात. १९९३ साली सुरू झालेला ‘डेबियन’ हा प्रकल्प त्यांतील एक जुना आणि विश्वासू. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. एप्रिल २००६ मध्ये त्यांच्याकडे एक तक्रार आली. ‘व्हॅल्ग्रिंड’ नावाचे एक तपासणी साधन आहे. स्मृतीतील ज्या जागेत अद्याप काहीच लिहिलेले नाही, तिचा कोणी हिशेबात उपयोग केला तर ते इशारा देते. ओपनएसएसएल वापरणारा कोणताही प्रोग्राम तपासायला घेतला की या साधनाकडून इशाऱ्यांची रीघ लागे. स्वतःच्या प्रोग्राममधील खरे दोष त्या गर्दीत दिसेनात. तक्रार रास्त होती.

डेबियनमध्ये हा संग्रह सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने शोध घेतला. इशाऱ्यांचे मूळ दोन ओळींपाशी जात होते. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या, पण दोन निरनिराळ्या कार्यांत बसलेल्या. दोन्हींचा अर्थ एकच: ‘या जागेत जे आहे ते रांजणात टाक.’ जागेत कधी कधी काहीच लिहिलेले नसे, म्हणून व्हॅल्ग्रिंड ओरडे. त्या गृहस्थांनी ओळी परस्पर काढल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ओपनएसएसएलच्या सार्वजनिक चर्चेत त्यांनी विचारणा केली, आपल्याला परिणामांची पुरती खात्री नाही असेही सूचित केले. दोष शोधण्यास मदत होत असेल तर काढण्यास हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. विचारणाऱ्याने ते सर्व लोकांना वाटल्या जाणाऱ्या संचासाठी संमती म्हणून घेतले. उत्तर देणाऱ्याच्या मनात केवळ तपासणीपुरता प्रयोग असावा. तोंडी मंजुरीवर कर्ज उचलले गेले की पुढे शाखेत जे होते, त्याचीच ही पूर्वतयारी.

दोन ओळींपैकी एक खरोखरच बिनमहत्त्वाची होती. अशा साधनांच्या तपासणीच्या वेळी ती वगळण्याची सोय ओपनएसएसएलच्या लेखकांनी स्वतःच करून ठेवली होती. दुसरी ओळ मात्र रांजणाचे तोंड होती. गाभ्याकडून आलेला सगळा बेभरवशाचा ऐवज त्या एका ओळीतून आत पडत असे. ती गेल्यावर गाभा पूर्वीसारखाच इमानाने ऐवज देत राहिला, संग्रह तो घेत राहिला, किती घेतला याची नोंदही करीत राहिला. रांजणात मात्र काहीच पडेना. यंत्रायंत्रांत फरक पडावा असे एकच काही उरले: चालू कामाला गाभ्याने दिलेला क्रमांक. आणि त्या काळी हे क्रमांक ३२,७६८ च्या मर्यादेतच फिरत असत.

याचा अर्थ असा की ६१७ अंकी संख्यांच्या अफाट विस्तारातून निवडली जायची ती किल्ली आता, एका जातीच्या आणि एका आकाराच्या बाबतीत, एका प्रकारच्या यंत्रावर, ३२,७६८ ठरावीक किल्ल्यांपैकी एक असणार होती. तालुक्याच्या गावातील घरांना पुरणार नाहीत इतक्याच किल्ल्या, आणि त्यांवर जगभरची कुलपे.

सप्टेंबर २००६ मध्ये हा बदल डेबियनच्या संचात शिरला. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या स्थिर आवृत्तीबरोबर तो सर्वदूर गेला, आणि डेबियनवर आधारलेल्या उबुंटूमध्येही पोहोचला. कोठेही काही बिघडले नाही. किल्ल्या घडत होत्या, कुलपे उघडत-मिटत होती, निरोप सांकेतिक होऊनच जात होते. व्हॅल्ग्रिंडने एक शब्द काढला नाही. संहिता उघडी होती, ज्याला हवे त्याला वाचता येत होती, आणि सुमारे वीस महिने ती तशीच राहिली.

लुसियानो बेलो या डेबियनच्या सदस्याला तो दोष आढळला, आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने तो जाहीर केला. दुरुस्त संच त्याच दिवशी उपलब्ध झाला. पण त्याने प्रश्नाचा लहानसा भागच सुटला. कारखाना सुधारला तरी त्याने आधी विकलेल्या किल्ल्या कशा सुधारणार? त्या तर गावोगाव गेल्या होत्या. डेबियनच्या यंत्रावर घडवलेली किल्ली कोणी दुसऱ्याच बनावटीच्या सर्व्हरवर नेऊन लावली असेल, तर तो सर्व्हरही उघडा पडला होता. एका प्रकारच्या किल्ल्यांची गोष्ट तर याहून वाईट. त्या दुसरीकडे निर्दोष घडलेल्या असल्या, तरी सदोष यंत्रावर त्यांनी एकदा जरी सही केली असेल, तर त्या गेल्याच असे समजावे, अशी सूचना द्यावी लागली. सही करतानाही एक बेभरवशाची संख्या लागते, आणि तीही त्याच रिकाम्या रांजणातून निघाली होती.

सुरक्षेच्या अभ्यासकांनी प्रचलित आकाराच्या सगळ्या संभाव्य किल्ल्या काही तासांत घडवून प्रसिद्ध केल्या. डेबियनने बाद किल्ल्यांच्या याद्या वाटल्या, आणि त्या यादीतील किल्ली घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवण्याची व्यवस्था केली. पेमेंट थांबवलेल्या धनादेशांची यादी काउंटरवर ठेवतात, तशीच ही. जगभरच्या व्यवस्थापकांना एकेक यंत्र तपासून किल्ल्या बदलाव्या लागल्या, प्रमाणपत्रे नव्याने घ्यावी लागली. त्या वीस महिन्यांत कोणाचे बोलणे कोणी ऐकले, याचा हिशेब मांडणे शक्यच नव्हते. खरी किल्ली लावून आत आलेला चोर दाराशी खूण ठेवून जात नाही.

दोष कोणाचा, यावर दोन्ही गोटांत बरेच वाग्युद्ध झाले. ओपनएसएसएलच्या बाजूचे म्हणणे असे, की डेबियनने आपल्या पातळीवर दुरुस्त्या करू नयेत, त्या मूळ लेखकांकडे रीतसर धाडाव्यात; विचारणा झाली ती जागाही योग्य नव्हती. डेबियनच्या बाजूने सांगितले गेले, की विचारले होते आणि होकारही मिळाला होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता तिसरीच गोष्ट अधिक खटकते. सगळ्या सुरक्षेचा भार जिच्यावर होता त्या ओळीच्या शेजारी, ती तेथे का आहे हे सांगणारे एक वाक्यही नव्हते. व्हाउचरवर तपशील न लिहिता रक्कम टाकणाऱ्याने पुढील हिशेबनिसाकडून समजूतदारपणाची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी? आणि इशारा बंद करणाऱ्यानेही, तो बंद झाल्यानंतर किल्ल्या पूर्वीइतक्याच निरनिराळ्या निघतात की नाही, हे पाहिले नाही. पन्नास हजार किल्ल्या घडवून एकमेकींशी ताडून पाहिल्या असत्या, तर जोड्या सापडल्याच असत्या. तशी चाचणी कोणाकडेच नव्हती. पडताळणी झाली ती एकच: व्हॅल्ग्रिंड गप्प झाला का? झाला.

या प्रकरणानंतर ओपनएसएसएलच्या संहितेत ती ओळ पुन्हा पाहणाऱ्यास तिच्या डोक्यावर ठळक मोठ्या अक्षरांत एक टिपण आढळू लागले. खालील ओळ काढू नये, असे त्यात बजावले होते. तपासणीची साधने या ओळीविषयी तक्रार करतील हे आम्हांस ठाऊक आहे, खोट असलीच तर ती येथे नसून बोलावणाऱ्याकडे आहे, आणि ही ओळ काढल्यास असुरक्षित किल्ल्या निघतील, असा खुलासाही पुढे दिलेला होता.